घोडबंदरला नवीन फ्लॅट घेतोय, घासाघीस नक्की कशावर करायची?

ओवळेकर_होणार

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

सध्या कळव्यात भाड्याने राहतो. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका नवीन टॉवरमध्ये टू बीएचके बघितलाय, काम चालू आहे, चौदावा मजला, रेरा कार्पेट (रेरा कायद्याप्रमाणे मोजलेलं आतलं क्षेत्र) ६४० स्क्वेअर फूट. सेल्स ऑफिसमध्ये आधी कॉफी, मग मॉडेल, मग ड्रोनचा व्हिडिओ आणि सगळ्यात शेवटी कॉस्ट शीट. ती अशी: १६,२५० च्या रेटने बेसिक १ कोटी ४ लाख, फ्लोअर राइज पाचव्या मजल्याच्या वर दर मजल्याला फुटामागे ४० रुपये म्हणजे ९ मजल्यांचे २ लाख ३० हजार, 'येऊर व्ह्यू' चे २ लाख, पार्किंग ५ लाख, आणि डेव्हलपमेंट, क्लब हाऊस, लीगल असं सगळं मिळून साडेतीन लाख. बेरीज १ कोटी १६ लाख ८० हजार. स्टॅम्प ड्युटी, जीएसटी वेगळं.

मॅडम म्हणाल्या सर रेट फिक्स आहे, पण आज रात्री १२ पर्यंत १ लाखाचा चेक दिलात तर मॉड्युलर किचन फ्री. आमचे वडील म्हणतात एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण घासाघीस करतं, फिक्स म्हणजे फिक्स. बायको म्हणते विचारायला काय जातंय. मला खरंच कळत नाहीये की कशावर बोलायचं, आणि पैसे द्यायच्या आधी काय काय बघायचं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका

पहिली गोष्ट, तो १ लाखाचा चेक देऊ नका. दिलात की घासाघीस संपली, मग फक्त विनवण्या.

रात्री १२ ची ऑफर उद्या सकाळी ११ लाही असते. गुढीपाडव्याची अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते आणि दसऱ्याची दिवाळीनंतरही.

सातबारा_उतारा

काकांशी सहमत. आता जरा सविस्तर लिहितो.

'रेट कमी करा' असं मोघम बोललात तर समोरचा 'माझ्या हातात नाही सर' म्हणणार आणि विषय संपणार. तुमच्या हातात आकडा हवा, आणि तो सरकारी साइटवर फुकट मिळतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. जिल्हा ठाणे, वर्ष, गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकायचा. इथे लोक फसतात कारण ब्रोशरवर 'घोडबंदर रोड' असतं पण दस्तात मौजे कावेसर, मौजे ओवळे, कोलशेत असं महसुली गाव असतं. ते आणि सर्व्हे नंबर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) पानावर प्रोजेक्टच्या माहितीत मिळतं. मग त्याच बिल्डिंगमध्ये आधी रजिस्टर झालेल्या फ्लॅट्सचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) उघडा. त्यात मजला, क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव, तारीख सगळं असतं. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की फूट होतात. गेल्या काही महिन्यांचे जेवढे सापडतील तेवढे काढा आणि कागदावर लिहून न्या. बारावा मजला अमुक रेटला गेला, सोळावा तमुक रेटला, मग मलाच १६,२५० का, एवढंच विचारायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

एक काळजी घ्या, इंडेक्स टू मधल्या रकमेत पार्किंग आणि फ्लोअर राइज धरलेलं असू शकतं. म्हणून तुलना करताना तुमच्या शीटमधली पूर्ण बेरीज धरा, नुसता बेसिक रेट नको.

दुसरं, फुकट किचन, एसी, सोन्याचं नाणं यांच्या नादी लागू नका. तेवढी रक्कम ॲग्रीमेंट व्हॅल्यूतून कमी करून मागा. काम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के आणि ठाण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ॲग्रीमेंटमध्ये ५ लाख कमी झाले की वरचे आणखी ६० हजार वाचतात. किचन फुकट मिळालं तर हे ६० हजार तुम्हीच भरताय.

ओवळेकर_होणार

सातबारा, दंडवत! हे इंडेक्स टू प्रकरण माहीतच नव्हतं. आजच बसतो.

काका, चेक दिलेला नाही. मॅडमचे फोन मात्र सुरू झालेत.

पोळीभाजी_डबा

मी बँकेत होमलोनलाच आहे म्हणून लिहिते. घासाघीस करायच्या आधी स्वतःच्या खिशातून किती जाणार ते बघा, बहुतेक लोक इथेच गडबडतात. ७५ लाखांच्या वरचं कर्ज असेल तर बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. तुमच्या शीटप्रमाणे १ कोटी १६ लाख ८० धरले तर कर्ज जास्तीत जास्त ८७ लाख ६०. उरलेले २९ लाख २० तुमचे. त्यावर ड्युटी ८ लाख १७ हजार, जीएसटी ५ लाख ८४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. म्हणजे साडेत्रेचाळीस लाख घरचे लागणार, आणि यात ॲडव्हान्स मेंटेनन्स, पंखे, पडदे काहीच नाही. सॅलरी स्लिप बघून बँक 'हो' म्हणते तेव्हा लोकांना वाटतं झालं काम.

आणखी एक. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडीला लावलं की सूट गेली. पण मग ज्याचं नाव नाही त्याला व्याजावर आयकरात सूट मागता येत नाही, तो कर्जात को-ॲप्लिकंट असला तरी. तुम्ही नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर राहत्या घरासाठी ती सूट तशीही नाही, मग विचार करायला हरकत नाही. घरात बोलून ठरवा हो, हा नुसता पैशाचा विषय नसतो :)

आणि ५० लाख किंवा वरच्या किमतीवर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो. तो बिल्डरच्या पैशातून जातो, वेगळा वर नाही. काही सेल्सवाले शीटमध्ये तो खाली जोडून दाखवतात, बघून घ्या.

गप्प_वाचक

वाखु (वाचनखूण) साठवली.

सीपी_आहे_मी

शिव्या पडतील पण लिहितो, मी चॅनल पार्टनर आहे, म्हणजे ज्याला तुम्ही एजंट म्हणता. रेरा नंबरवाला, उगाच नाही.

आतली गोष्ट अशी की फ्लोअर राइज आणि व्ह्यूचे पैसे हे सोडण्यासाठीच लावलेले असतात. सेल्सची मुलगी ते स्वतःच्या पातळीवर थोडंफार सोडू शकते. बेसिक रेट हलवायचा तर वरच्या माणसाकडे जावं लागतं, त्याला 'क्लोजिंग' ला बसणं म्हणतात. त्या टेबलावर पोचायचं तर तुमचं कर्जाचं सँक्शन लेटर हातात पाहिजे, 'आज दिलंत तर आज फायनल करतो' असं म्हणता आलं पाहिजे. नुसतं बघायला आलेल्याला कोणी आकडा फोडत नाही. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि खासकरून मार्चमध्ये टार्गेटचा ताण असतो तेव्हा जा. जुलैत धो धो पावसात गेलात तर ऑफिसात तुम्ही एकटेच असाल, तेही चांगलं.

आणि पहिल्या भेटीला एजंटबरोबर गेला असाल तर तुमचं नाव त्याच्या खात्यात पडलं, मग डायरेक्टचा भाव मागून उपयोग नाही. डायरेक्ट गेला असाल तर 'ब्रोकरेज वाचलं तुमचं, त्यातलं मला द्या' हे सरळ बोला. लोक लाजतात.

खडूस_काका

वा, एजंट आणि खरं बोलतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

सीपी_आहे_मी

काका :D काढा काढा.

ओवळेकर_होणार

आकडे सापडले! ओवळे नाही, मौजे कावेसर निघालं, सातबारा म्हणाले तसंच. त्याच विंगमध्ये वरचे मजले सगळं धरून आमच्यापेक्षा बरेच कमी रेटला गेलेत. वडिलांना दाखवलं, ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, 'मग आपल्यालाच काय सासुरवाडीचा भाव लावलाय का?'

आता प्रश्न कागदपत्रांचा. रेराचं पान उघडलं पण त्यात इतकं काय काय आहे की नक्की काय बघायचं?

सातबारा_उतारा

सगळं बघा असं लोक म्हणतील पण मी चार-पाच ठिकाणीच थांबतो.

सगळ्यात आधी प्रोजेक्ट पूर्ण करायची तारीख. सेल्स ऑफिसात तोंडी जी तारीख सांगतात आणि रेरावर जी असते त्यात वर्ष-दीड वर्षाचा फरक सर्रास असतो. उशीर झाला तर कायद्याने तुम्हाला व्याज मिळतं, किंवा बाहेर पडायचं तर व्याजासकट पैसे परत. महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) अधिक २ टक्के असा आहे. पण ते मोजलं जातं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेल्या तारखेपासून. मॅडमने कॉफी पिताना सांगितलेली तारीख कोर्टात चालत नाही.

मग सीसी, म्हणजे महापालिकेचं कमेन्समेंट सर्टिफिकेट. पूर्ण उंचीची आहे का ते वाचा. बऱ्याचदा सीसी खालच्या मजल्यांपुरतीच मिळालेली असते आणि वरचे मजले 'येईल' या भरवशावर विकत असतात. तुमचा चौदावा आहे, त्यात बसतो का ते बघा.

मग टायटल रिपोर्ट आणि बोजा. प्रोजेक्टवर फायनान्स कंपनीचं कर्ज असणं नेहमीचंच, घाबरायचं नाही, पण मग बिल्डरला तो फ्लॅट तुम्हाला विकायला त्यांची एनओसी पाहिजे, ती कागदावर मागा. चालू असलेले कोर्टातले दावेही तिथेच दिसतात. आणि दर तीन महिन्यांनी बिल्डर प्रगतीचा अहवाल टाकतो, त्यात किती फ्लॅट विकले ते कळतं. 'फक्त दोनच उरलेत सर' वाली गोष्ट तिथे तपासता येते, मजा येते.

नुसता रेरा नंबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना? महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी घेतली होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने इमारती पाडायचा आदेश दिला आणि गेले कोण, तर हप्ते भरणारे. म्हणून सीसीची प्रत घेऊन ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागात जाऊन खात्री करा. वकील केलात तर तो करेल. कोटीच्या व्यवहाराला वकिलाचे काही हजार वाचवणारे लोक बघितले की मला कमाल वाटते.

ऐरोलीची_आनंदी

धागा ठाण्याचा आहे पण मध्येच घुसते. आम्ही नवी मुंबईत शोधतोय. घणसोली, कोपरखैरणेला गावठाणात नवीन बिल्डिंगमध्ये टू बीएचके सेक्टरच्या निम्म्या किमतीत सांगतात. घ्यावा का?

खडूस_काका

नाही.

सातबारा_उतारा

काकांनी एका शब्दात उरकलं, बरोबरच आहे. सीसी, ओसी (महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) दाखवा म्हणा, विषय तिथेच संपेल. निम्मी किंमत असते कारण परवानगीच नसते, आणि मोठ्या बँका कर्ज देत नाहीत.

सेक्टरमध्ये घेतलात तर एवढं लक्षात ठेवा की जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने ६० वर्षांसाठी दिलेली असते, त्यामुळे लीज डीड कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. साडेबारा टक्के योजनेचा (जमीन गेलेल्यांना विकसित जमीन परत देण्याची योजना) प्लॉट असेल तर मूळ प्रकल्पग्रस्त आणि त्यांच्या सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का ते वकिलाकडून नीट बघून घ्या. एक बहीण राहिली तर दावा लागतो. बाकी यावर वेगळा धागा काढा ना, लिहितो.

टाइल_ठोक

सिव्हिल इंजिनीअर आहे, साइटवरच आयुष्य गेलं. कागद झाले, आता घराचं बोला.

सॅम्पल फ्लॅट बघून काही ठरवू नका. तिथे बेड मुद्दाम लहान बनवलेले असतात, दारं काढून टाकलेली असतात म्हणून खोली मोठी वाटते. टेप घेऊन जा. आणि रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. ब्रोशरवर 'युजेबल ७१० फूट' लिहिलेलं असेल तर त्यात बाल्कनी, डेक सगळं घातलेलं असतं. रेट काढताना एकाच मापाने काढा.

तो 'येऊर व्ह्यू' दोन लाखांना देतात ना, तर समोरचा रिकामा प्लॉट कोणाचा आहे ते विचारा. घोडबंदरला रिकामा प्लॉट म्हणजे पुढच्या टॉवरची जागा. त्याच बिल्डरचा फेज टू तिथेच यायचा असेल तर डोंगर दिसणार नाही, समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसेल. लेआउट प्लॅन रेराच्या पानावर असतो.

पाणी. त्या पट्ट्यात टँकर किती लागतात ते सेल्स ऑफिस सांगणार नाही. शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचारा, नाहीतर सकाळी सातला गेटवर उभे राहा, कळेल. संध्याकाळी माजिवड्याहून गाडीने एकदा साइटपर्यंत जाऊन बघा. मेट्रो ४ होईल तेव्हा होईल, तोपर्यंत गायमुख घाटात ट्रक बंद पडला की काय होतं ते अनुभवा.

पझेशनच्या वेळचं आत्ताच लिहितो, नंतर विसरेन. चावी घ्यायच्या आधी सोबत एक नाणं किंवा लाकडी काठी, बादली, आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. प्रत्येक टाइल ठोकायची, पोकळ आवाज आला की खडूने फुली. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतायचं, ते जाळीकडे जातंय की दाराकडे ते बघायचं. मी असे महागडे टॉवर बघितलेत जिथे पाणी निवांत बेडरूमकडे चालत येतं. मग जाळीचं तोंड कापडाने बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी भरून २४ तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. ओल दिसली तर वॉटरप्रूफिंग गेलं. खिडक्या पावसाळ्यातच कळतात, नाहीतर बाहेरून पाइपने पाणी मारून बघा. टेस्टरने प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग बघायचं. एसीचं पाणी बाहेर जायचा पाइप भिंतीत सोडलाय का ते बघा, हा हमखास विसरतात आणि मग नवीन भिंत फोडायची वेळ येते.

सगळ्याचे फोटो, यादी, ईमेल. तोंडी 'हो हो करून देतो' नाही. पझेशननंतर ५ वर्षं बांधकामातला दोष तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो, पण तुम्ही आत भिंती फोडून इंटिरिअर केलंत की तो तुमच्यावर ढकलतो. म्हणून इंटिरिअरवाला घुसायच्या आधी यादी गेलीच पाहिजे.

आणि ओसी नसताना 'फिटआउटसाठी चावी घ्या' म्हणाले तर त्याला पझेशन समजू नका.

नवी_नवरी_ठाणे

टाइल_ठोक दादा, तुम्ही पैसे घेऊन फ्लॅट बघायला येता का? खरंच विचारतेय.

टाइल_ठोक

वडापाव आणि चहा. ठाण्यातच असेल तर.

ओवळेकर_होणार

अपडेट. महिनाअखेरीला गेलो, सँक्शन लेटर आणि इंडेक्स टू चे प्रिंट घेऊन. वडीलही आले. मॅडमनी आधी फ्लोअर राइज निम्मा केला. मी कागद पुढे सरकवला. त्या आत गेल्या, मग एक सर आले, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले 'हे लॉन्चच्या वेळचे रेट आहेत.' तारखा गेल्या तिमाहीच्या होत्या, त्या दाखवल्या. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही, वडिलांनी दुसरी कॉफी मागितली.

शेवटी फ्लोअर राइज आणि व्ह्यूचे पूर्ण ४ लाख ३० गेले, वर अडीच लाख बेसिकमधून. पार्किंग आणि बाकीचं सगळं धरून ॲग्रीमेंट व्हॅल्यू १ कोटी १० लाख. किचन नको म्हटलं. पार्किंगचे ५ लाख काही सोडले नाहीत. तारखेवरही हटले नाहीत, तोंडी डिसेंबर २०२७ सांगत होते, ॲग्रीमेंटमध्ये रेराचीच जून २०२९ टाकणार म्हणाले. यावर काय करू? हे सगळं ईमेलवर मागवून घेतलंय, अजून टोकन दिलेलं नाही.

सीपी_आहे_मी

चांगली डील आहे. यापुढे ताणू नका. वडिलांना आमच्या लाइनमध्ये पाठवा.

सातबारा_उतारा

तारखेवर बहुतेक बिल्डर हलत नाहीत. मग तुम्ही जून २०२९ धरूनच हिशोब करा, भाडं आणि प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंत भरायचं कर्जाचं व्याज) दोन्ही तोपर्यंत झेपणार असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ. डिसेंबरला मिळालं तर बोनस. माझं वैयक्तिक मत, जून २०२९ च्या हिशोबाने हा व्यवहार जेमतेम परवडत असेल तर तयार ओसीवाला थोडा जुना फ्लॅट बघा, त्यावर जीएसटीही नाही.

टोकन देताना अलॉटमेंट लेटर महारेराच्या नमुन्यातलंच घ्या. त्यात १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही असं आहे, पुढे टप्प्याटप्प्याने २ टक्क्यांपर्यंत. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही, कायद्यानेच त्यांना घेता येत नाही. कॅश मागितली तर उठून या, उद्या पैसे परत घ्यायची वेळ आली तर कागदावर असतील तेवढेच परत येतात.

ड्राफ्ट आधी मागून वकिलाला द्या. पार्किंगचे ५ लाख देताय तर पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि जागा परिशिष्टात लिहिलेली हवी. उघड्यावरचं पार्किंग असेल तर ते विकताच येत नाही, मग ५ लाख कशाचे ते विचारा.

ओवळेकर_होणार

भाडं आणि प्री-ईएमआयचा हिशोब २०२९ पर्यंत बसतोय, थोडं ओढाताणीने. पार्किंग पोडियमवर कव्हर्ड आहे पण ड्राफ्टमध्ये नुसतं 'एक पार्किंग' लिहिलं होतं, नंबर आणि माप टाकून परत मागवलंय. वकिलाने सीसी बघितली, पूर्ण उंचीची आहे. फायनान्स कंपनीची एनओसी यायची आहे, ती आली की टोकन.

फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घ्यायचं ठरलं, ड्युटीचे १ लाख १० हजार वाचतात आणि आम्ही दोघं नवीन रिजीममध्येच आहोत. पोळीभाजी ताई, एकच शंका, हप्ते माझ्या खात्यातून जाणार, मग टीडीएसचा फॉर्म माझ्या पॅनवर भरायचा ना?

पोळीभाजी_डबा

नाही हो! खरेदीदार त्या आहेत, त्यामुळे टीडीएसचा फॉर्म त्यांच्या पॅनवरच, पैसे कोणाच्याही खात्यातून जाऊ देत. प्रत्येक हप्त्याचा वेगळा भरायचा, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. आणि बँकेकडून थेट बिल्डरला हप्ता जातो तेव्हाही त्यातला १ टक्का तुम्हालाच बघावा लागतो, डिस्बर्समेंटच्या आधी ब्रँचला तसं लिहून द्या.